ब्रिटिश चित्रपटाचे इतिहासकार : कागद आणि पडदा

चित्रपटाच्या इतिहासकारापुढे, वाङ्मयेतिहासकाराला सहसा न भेडसावणारी एक अडचण असते : ज्या कृतींविषयी लिहावयाचे, त्यांपैकी पुष्कळशा कायमच्या नष्ट झालेल्या असतात. रेचल लो ह्यांच्या ‘द हिस्टरी ऑफ द ब्रिटिश फिल्म’ ह्या सात खंडांच्या मालेचे मोल आणि मर्यादा ह्या दोहोंचे मूळ येथेच आहे. १९४८ साली रॉजर मॅन्व्हेल ह्यांच्या सहकार्याने निघालेल्या पहिल्या खंडापासून १९८५ च्या अखेरच्या खंडापर्यंत, व्यवसायपत्रे, विक्रीच्या सूची व जुन्या निर्मात्यांच्या आठवणी ह्यांची त्यांनी जी चिकाटीने छाननी केली, तिच्यावाचून ह्या विषयाचा अभ्यास आजही संभवत नाही.

परंतु कागदांवरून व्यवसाय कळतो. कलाकृती कळतेच असे नाही. १९२७ च्या कायद्याने वितरकांवर व चित्रगृहांवर ब्रिटिश चित्रपटांचा ठराविक हिस्सा बंधनकारक केला आणि तो भरून काढण्यासाठी अमेरिकन कंपन्यांनी स्वस्त, घाईचे चित्रपट करवून घेतले. लो ह्यांनी त्यांची संभावना कठोरपणे केली आहे. धंद्याचा इतिहास म्हणून ती समर्थनीय ठरेल. पण मायकेल पॉवेलसारखा दिग्दर्शक ह्याच घाईत हात बसवीत होता, ह्याची संगती त्या निकषाने लागत नाही.

रेमंड डर्ग्नॅट ह्यांचा ‘अ मिरर फॉर इंग्लंड’ (१९७०) हा ग्रंथ उलट टोकाचा. ज्या पॉवेलच्या ‘पीपिंग टॉम’वर (१९६०) समीक्षक तुटून पडले होते, त्याला आणि भयपटांसारख्या उपेक्षित प्रकारांनाही डर्ग्नॅट गंभीरपणे न्याय देतात. विवेचन मात्र वारंवार भरकटते, आणि चित्रपट कोणत्या परिस्थितीत निर्माण झाला ह्याची चौकशी तोकडी पडते.

कागद आणि पडदा ह्यांची खरी सांगड चार्ल्स बार ह्यांच्या ‘ईलिंग स्टुडिओज’मध्ये (१९७७) दिसते. मायकेल बाल्कन ह्यांच्या कलागृहातील कौटुंबिक शिस्त तेथील चित्रपटांच्या आशयातच कशी उतरली, हे ते दाखवितात. ‘द लेडीकिलर्स’मधील (१९५५) दरोडेखोरांची टोळी म्हणजे युद्धोत्तर मजूर सरकार, हा त्यांचा अर्थ प्रथम वाचताना ओढूनताणून लावल्यासारखा वाटतो. तथापि रेल्वेच्या बोगद्यावर कललेले ते जुने घर आणि आपल्या भाबड्या सभ्यतेने साऱ्या टोळीला पुरून उरणारी ती वृद्धा पुन्हा पडद्यावर पाहिली, की तो अर्थ सहजासहजी झटकून टाकता येत नाही.