निनावी स्तुती आणि सहीचे पत्र

आपल्या लेखनाची शिफारस आपणच करणे मराठी वाङ्मयीन संस्कारात बसत नाही. समर्थांनी ‘दासबोधा’त आत्मस्तुतीची गणना मूर्खलक्षणांत केली आहे. तथापि ज्या लेखकाच्या पाठीशी ना प्रकाशक ना मित्रमंडळ, त्याने करावे काय, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. त्या दृष्टीने अमेरिकन कवी वॉल्ट व्हिटमन याचे उदाहरण उद्बोधक आहे.

१८५५ साली त्याने ‘लीव्हज ऑफ ग्रास’ हा १२ कवितांचा संग्रह ब्रुकलिन येथे स्वतःच छापून घेतला. त्याच वर्षी या संग्रहाची ३ परीक्षणे त्याने स्वतः लिहून निनावी प्रसिद्ध केली. त्यांतील एक ज्या मासिकात आले, त्याचे चालकच संग्रहाचे विक्रेते होते! इमर्सनला प्रत पाठविली, तेव्हा त्याचे अभिनंदनाचे खाजगी पत्र आले. ते त्याच्या अनुमतीवाचून ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’मध्ये छापले गेले, आणि १८५६ च्या आवृत्तीच्या कण्यावर त्यातील एक वाक्य इमर्सनच्या नावासह सोनेरी अक्षरांत झळकले.

या तिन्ही कृती एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. अपरिचित थोर पुरुषाकडे प्रत धाडण्यात गैर काहीच नाही. घेणारास मौन पाळण्याची मुभा असते. खाजगी पत्राची जाहिरात करणे हा मात्र विश्वासभंग होय. निनावी परीक्षणांचा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. ती पोकळ नाहीत. नव्या देशाला नव्या घाटाची कविता का हवी, याचे विवेचन त्यांत आहे. तेच सहीनिशी केले असते, तर कोणास आक्षेप नव्हता; संग्रहाची प्रस्तावना आणि १८८८ मधील सिंहावलोकनाचा निबंध यांतून त्याने पुढे-मागे तेच केले. दोष स्तुतीत नाही, स्तुती कोणाची हे वाचकापासून लपविण्यात आहे. बोलणारा कोण हे कळल्यावाचून मताचे वजन ठरत नाही.

१८७६ साली आपल्या उपेक्षेची कैफियतही त्याने अशीच निनावी लेखातून मांडली. ती इंग्लंडात पोचली आणि तेथील चाहत्यांनी ग्रंथ विकत घेऊन त्यास साहाय्य केले. उपाय फळास आला खरा. पण फळ गोड लागले म्हणून उपाय शुद्ध ठरत नाही.

इंदूर, बडोदे वा दिल्लीस राहून मराठीत मुक्त लेखन करणारास हा भेद विशेष जपावा लागतो. संपादकाच्या बैठकीत त्याची ऊठबस नसते. त्याचे पत्र हीच त्याची ओळख. विषय कोणता, तो मांडण्याचा आपला अधिकार कोणता आणि याच नियतकालिकास तो का द्यावा, एवढे त्याने निःसंकोच लिहावे. नकार आल्यास दुसऱ्या दारी जावे. त्यात लाचारी नाही. कचेरीत निनावी अर्जास सहसा कोणी दाद देत नाही. सही असलेल्या अर्जाचा निर्णय विरुद्ध गेला, तरी अर्जदाराची पत राहते. वाङ्मयाच्या दरबारातही पत तीच.