हा ६०० आला कुठून?

हायड्रॉलिक पंपावरच्या लेखनात हे सूत्र हमखास भेटतं: शक्ती = दाब × प्रवाह ÷ ६००. एककं मात्र बऱ्याचदा लिहिलेलीच नसतात, माझी तक्रार तिथेच आहे. हा ६०० फक्त बार, लिटर/मिनिट आणि किलोवॅट यांचाच. स्वतः मांडून बघा: १ बार म्हणजे १,००,००० पास्कल, १ लिटर/मिनिट म्हणजे १/६०,००० घनमीटर/सेकंद, गुणाकार १.६७ वॅट. म्हणून २०० बार, ६० लिटर/मिनिटला २० किलोवॅट. पण गेज किलोग्रॅम/चौ.सेंमी दाखवत असेल तर भाजक ६१२ हवा. फरक दोनच टक्के, म्हणून तर तो लपतो! माझ्या पहिल्या मसुद्यात तेवढ्यानेच ८३ टक्के कार्यक्षमता ८४.६ झाली होती, आणि मी तिला खुशाल 'सुधारणा' म्हटलं होतं.