विन्स्टन्लीचा ‘स्वातंत्र्याचा कायदा’
जेरार्ड विन्स्टन्लीचा ‘स्वातंत्र्याचा कायदा’ (१६५२) हा त्याच्या विचारांचा कळस मानण्यांत येतो. आम्हांस तो त्याच्या श्रद्धेच्या पराभवाचा लेख वाटतो. एप्रिल १६४९ मध्यें सरे परगण्यांतील सेंट जॉर्जेस टेकडीवरची पडीक सामाईक जमीन त्यानें व त्याच्या सोबत्यांनीं खणली. प्रत्येकाच्या अंतरीं वसणारा विवेकरूपी ईश्वरच खासगी मालकी मोडील, तलवारीची गरज नाहीं, असा तेव्हां त्याचा भरंवसा होता. वर्षभरांत जमीनदारांनीं पिकें तुडविलीं, घरें जाळलीं. पुढें क्रॉमवेलला अर्पिलेल्या ह्या ग्रंथांत तोच लेखक जमीन विकणारास व घेणारास देहान्तशासन सांगतो! जमीन सर्वांची, हें मत त्यानें सोडलें नाहीं. माणसें तें आपखुषीनें पाळतील, ही आशा मात्र सोडली. ज्यांस हा प्रश्न सोपा वाटतो, त्यांनीं हा ग्रंथ अवश्य वाचावा.