माडांच्या पलीकडची कादंबरी

कोकणावरची कादंबरी म्हटली की मुखपृष्ठावर माडांची रांग आणि मावळता सूर्य हवाच, असा प्रकाशकांचा ठाम समज दिसतो. वाचकांनीही तो मुकाट मान्य केला आहे. मुंबईत बसून गावाची आठवण काढायला अशी पुस्तकं बरी पडतात, पण दक्षिण कोकणातल्या अभिजात कादंबऱ्यांचं त्यामुळे मोठं नुकसान झालं. त्यांच्यावर प्रेम करणारे पुष्कळ आहेत, वाचणारे मात्र कमी.

वि. स. खांडेकर 1920 ते 1938 शिरोड्यात शिक्षक होते. 'उल्का', 'दोन ध्रुव' या कादंबऱ्या तिथल्याच काळातल्या. 1930 मध्ये शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला, तोही त्यांच्या डोळ्यांसमोर. तरी खांडेकरांचं गाव वाचताना ते कुठलंही गाव वाटतं. त्यांना माणसाच्या ध्येयाची ओढ होती, मातीची फारशी नव्हती. 1974 चं ज्ञानपीठ ज्या 'ययाति'कारांना मिळालं, ते शिरोड्याचं ऋण मानत. कादंबऱ्यांत मात्र ते ऋण सापडत नाही.

ते सापडतं चिं. त्र्यं. खानोलकरांकडे. वेंगुर्ल्याजवळच्या बागलांच्या राईत 1930 मध्ये जन्मलेला हा लेखक अवघ्या 46 व्या वर्षी गेला. 'रात्र काळी घागर काळी', 'कोंडुरा', 'त्रिशंकू', 'चानी' या त्यांच्या कादंबऱ्यांत निसर्ग आहे, पण तो बघायला कोणी पर्यटक येणार नाही. तो माणसाच्या अंगावर येतो. कोंडुरा ही वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरची खरी जागा. कादंबरीत मात्र ती दैवी शक्तीचं आणि तिच्या ओझ्याचं ठिकाण होते. 'चानी'मध्ये गोऱ्या बापाच्या पोटी जन्मलेल्या पोरीला गाव ज्या तऱ्हेने वागवतं, ते वाचल्यावर 'कोकणची माणसं साधीभोळी' हे गाणं गुणगुणायला जीभ उचलत नाही.

इथे मालवण तालुक्यातल्या मसुऱ्याच्या वाचकाला शहरी समीक्षकापेक्षा एक पायरी वरचं आसन आहे. त्याच्या गावच्या आंगणेवाडीतल्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख पंचांगातून येत नाही, देवीचा कौल घेऊन ठरते. आणि मग लाखो माणसं त्या तारखेला रेल्वेची तिकिटं काढतात. ज्याने हे लहानपणापासून पाहिलं आहे, त्याला 'कोंडुरा'तलं दैवी वरदान ही कल्पनेची करामत वाटणार नाही. खानोलकरांवर 'गूढवादी' असा शिक्का मारून टीकाकार मोकळे झाले, कारण त्यांना हा कारभार परका होता. गावकऱ्याला तो गूढ नाही, रोजचा आहे. म्हणूनच त्याला पुढचा, जास्त अवघड प्रश्न विचारता येतो: देवाच्या नावाने मिळालेली सत्ता माणूस कशी वापरतो? खानोलकरांचा खरा विषय तोच आहे, असं माझं मत.

जयवंत दळवींची वाट वेगळी. आरवलीचा हा माणूस 'सारे प्रवासी घडीचे'मध्ये गजाली सांगता सांगता माणसाची लंगोटी कधी सोडवतो ते कळत नाही. हसू थांबल्यावर पोटात खड्डा पडतो. आपल्याकडे हसणंच लक्षात राहिलं. उत्तरेला, दापोलीकडे, श्री. ना. पेंडशांच्या 'रथचक्र'मधली निनावी 'ती' मुलांच्या शिक्षणासाठी एकत्र कुटुंबाबाहेर पडते. तिला नाव नाही हे मला कधी खटकलं नाही. तशा बाया खळ्याखळ्यात होत्या.

ही परंपरा आटली म्हणणाऱ्यांनी प्रवीण बांदेकर वाचावेत. 'चाळेगत'ने मालवणी बोलीला चटकदार संवादांतून बाहेर काढून विचाराच्या कामाला जुंपलं. 'उजव्या सोंडेच्या बाहुल्या'ला 2022 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यात कळसूत्री बाहुल्यांचा खेळ आजच्या राजकारणापर्यंत येऊन पोचतो. पेंडशांसारखी सलग, घट्ट गोष्ट इथे मिळत नाही, आणि काही ठिकाणी भाष्य कथेवर स्वार होतं. तरी कादंबरी जिवंत आहे.

आजारी आहे ते वाचन. सिंधुदुर्ग जिल्ह्याला ग्रंथालयांची परंपरा कमी नाही. शेजारच्या रत्नागिरीचं नगर वाचनालय तर 1828 चं. 1967 च्या ग्रंथालय कायद्याने गावोगावच्या वाचनालयांना सरकारी अनुदान मिळू लागलं. पण कपाटात जुनी प्रत सुटी झाली, वाळवी लागली, की ती निर्लेखनात जाते, म्हणजे नोंदीतून बाद होते, आणि तिच्या जागी स्पर्धा परीक्षेचं मार्गदर्शक येतं. मार्गदर्शकाला माझी ना नाही, पोरांना नोकरी हवीच. मात्र कोणी मागितलंच नाही तर ग्रंथपाल तरी 'रात्र काळी घागर काळी' नव्याने कशाला विकत घेईल?

तेव्हा पुढच्या वेळी वाचनालयात गेलात की ती मागा. नसेल तर मागणीच्या वहीत नाव लिहून या, आणि महिन्याने पुन्हा विचारा.