टीआरपीव्ही-१ : 'उष्णतेचा सेन्सर' म्हणण्याआधी मूळ निबंध वाचा

पीएचडीच्या मुलाखतीत 'टीआरपीव्ही-१ काय करतो?' असं विचारलं, की बहुतेक जण एका दमात सांगतात: मिरचीतल्या कॅप्सायसिनचा रिसेप्टर, ४३ अंश सेल्सिअसच्या आसपास उघडणारा आयन चॅनेल, चटक्याच्या वेदनेचा सेन्सर. पहिल्या दोन गोष्टी बरोबर. तिसरी मात्र मूळ निबंधांशी ताडून बघा.

१९९७ चा 'नेचर'मधला निबंध डेव्हिड ज्युलियस यांच्या लॅबचा. संवेदी चेतापेशींमधली जनुकं गटागटाने दुसऱ्या पेशींत घालायची, कॅप्सायसिन द्यायचं आणि कुठे कॅल्शियम वाढतं ते बघायचं. रिसेप्टर कोणत्या कुळातला असेल याचा अंदाज बांधायची गरजच नाही. ही या प्रयोगाची खरी ताकद. मग दिसलं, की तोच चॅनेल उष्णतेनेही उघडतो. पण यातून इतकंच कळतं, की पेशीला उष्णता 'कळायला' हा चॅनेल पुरेसा आहे. तो आवश्यक आहे का, हा वेगळा प्रश्न.

त्याचं उत्तर २००० साली आलं. हा चॅनेल नसलेले उंदीर ज्युलियस यांच्या लॅबने 'सायन्स'मध्ये मांडले, दुसऱ्या एका गटाने 'नेचर'मध्ये. 'सायन्स'च्या निबंधात उंदीर जास्त तापमानाला उशिरा प्रतिसाद देतात, पण देतात. टोचण्या-दाबण्याची वेदना तर शाबूत आहे. तरी शीर्षक सरसकट 'वेदने'बद्दल बोलतं! दोन्ही निबंधांत ठामपणे जुळणारा निकाल वेगळाच आहे: पंजाला दाह झाला की साधे उंदीर उष्णतेला जास्त हळवे होतात, हे होत नाहीत. कारण समजण्यासारखं आहे. ब्रॅडिकायनिनसारखी दाहातली रसायनं या चॅनेलचा उंबरठा खाली आणतात, मग एरवी सोसणारी ऊबही झोंबते.

साध्या चटक्याचं कोडं २०१८ मध्ये सुटलं. टीआरपीव्ही-१, टीआरपीएम-३ आणि टीआरपीए-१ हे तिन्ही काढल्यावरच उंदरांचा तीव्र उष्णतेला झटकन पाय मागे घेण्याचा प्रतिसाद गेला. तिघांपैकी एक उरला तरी काम भागतं.

आता यात पणाला काय लागलं ते बघा. या चॅनेलला रोखणारं एएमजी ५१७ हे औषध माणसांना दिलं, तेव्हा काहींच्या शरीराचं तापमान ४० अंशांवर गेलं. चॅनेल नसलेल्या उंदरांचं तापमान मात्र जवळपास नेहमीसारखंच होतं. जन्मापासून नसणं आणि अचानक बंद पडणं, या दोन गोष्टी एक नाहीत. मधल्या काळात शरीर जुळवून घेऊ शकतं. नॉकआउट उंदीर ही सूचना देऊ शकत नव्हते.

म्हणून पुढचा निबंध हातात घ्याल तेव्हा समासात तीन शब्द लिहून ठेवा: पुरेसा, आवश्यक, अचानक. लेखकांनी यातलं नेमकं काय तपासलंय, ते आलेखांवरून ठरवा. शीर्षक त्यानंतर वाचलंत तरी चालेल.