तेझे येथील श्रमसेवा : एक चिकित्सा

गेल्या काही वर्षांत आपल्या मंडळ्यांतील तरुणांच्या बोलण्यात एका फ्रेंच खेड्याचे नाव वारंवार येऊ लागले आहे. बेळगावच्या, मडगावच्या किंवा वडोदऱ्याच्या एखाद्या मंडळीतील मुलगा वा मुलगी युरोपात शिकावयास जाते, उन्हाळ्याच्या सुटीत मित्रांबरोबर तेझे येथे आठवडाभर राहते, कधी दोन-तीन महिने स्वयंसेवक म्हणूनही थांबते, आणि परत आल्यावर रविवारच्या उपासनेनंतर पडद्यावर छायाचित्रे दाखविते. अशा एका कार्यक्रमास आम्ही उपस्थित होतो. एका छायाचित्रात निरनिराळ्या देशांतील पाच-सहा तरुण हातात रबरी मोजे घालून, खांद्यावर झाडू घेऊन हसत उभे होते; मागे शौचालयांची रांग होती. आपण तेथे संडास धुतले आणि त्यात जितका आनंद झाला तितका पूर्वी कधी झाला नव्हता, असे त्या तरुणाने सांगितले. टाळ्या झाल्या. त्याच वेळी मागील दाराशी, कार्यक्रम संपला म्हणजे सभागृह झाडावे या प्रतीक्षेत, मंडळीच्या झाडूकामाची बाई उभी होती. तिने टाळ्या वाजविल्या किंवा नाही याकडे आमचे लक्ष गेले नाही. परंतु ती तेथे उभी होती, आणि प्रस्तुत लेखाचे निमित्त तेच आहे.

तेझेची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही, हे प्रथमच सांगितलेले बरे. ज्या चळवळीने प्रॉटेस्टंट, कॅथॉलिक व ऑर्थोडॉक्स तरुणांना एका छपराखाली गुडघे टेकावयास लावले, तिच्याविषयी आदरच बाळगला पाहिजे. पण आदर आणि चिकित्सा यांचे वैर नाही. आणि जी वस्तू आपण अनुकरणासाठी आपल्या मंडळीत आणू पाहतो, ती कोणत्या मातीत उगवली हे पाहिल्यावाचून ती आपल्या मातीत लावणे शहाणपणाचे नव्हे.

ती माती अशी. १९४० च्या ऑगस्ट महिन्यात रॉजर शुट्झ हा पंचवीस वर्षांचा स्विस तरुण बर्गंडी प्रांतात, क्लूनीजवळील तेझे या ओस पडत चाललेल्या खेड्यात आला. फ्रान्सचे दोन तुकडे करणारी सीमारेषा तेथून जवळच होती. त्याने घर घेतले आणि त्यात निर्वासितांना आसरा दिला. त्यांत यहुदीही होते. १९४२ मध्ये त्याला ते ठिकाण सोडावे लागले. १९४४ मध्ये तो परतला, आणि आता जवळच्या छावण्यांत ठेवलेल्या जर्मन युद्धकैद्यांना रविवारी घरी बोलावू लागला. काल ज्यांच्यापासून माणसे लपविली, त्यांनाच आज जेवावयास बसविले. १९४९ च्या ईस्टरला पहिल्या सात बंधूंनी आजन्म व्रत घेतले आणि समुदाय उभा राहिला.

आता आमच्या विषयाच्या दृष्टीने जी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, तिच्याकडे वळू. तेझेच्या टेकडीवरील मोठे उपासनामंदिर 'समेटाचे मंदिर' या नावाने ओळखले जाते. ते १९६२ च्या ऑगस्टमध्ये उघडण्यात आले. ते बांधणारे हात जर्मन स्वयंसेवकांचे होते. लोथार क्रायसिग हे नाझी राजवटीत न्यायाधीश होते. मनोरुग्णांच्या सरकारी हत्येविरुद्ध त्यांनी उघड विरोध नोंदविला होता. त्यांनी १९५८ मध्ये एक संस्था स्थापन केली. तिच्या जर्मन नावाचा अर्थ 'प्रायश्चित्ताचे चिन्ह' असा होतो. जर्मनीने ज्या राष्ट्रांचा विध्वंस केला, तेथे जाऊन जर्मन तरुणांनी स्वतःच्या हातांनी काही बांधून द्यावे, असा तिचा संकल्प होता. इंग्लंडमधील कॉव्हेंट्रीच्या उद्ध्वस्त कॅथीड्रलमध्ये त्यांनी काम केले, फ्रान्समध्ये एका यहुदी सभास्थानासाठी केले, आणि तेझे येथे हे मंदिर बांधले.

या कामाचे ईश्वरविज्ञानात्मक स्वरूप नीट ध्यानात घ्यावे अशी वाचकांना विनंती आहे. त्या तरुणांपैकी बहुतेकांनी स्वतः कोणाचा वध केलेला नव्हता. युद्धसमयी ते बालकच असावेत. तरीही त्यांनी आपल्या वाडवडिलांचे ऋण आपले मानले. त्यांच्या घमेल्यातील सिमेंट हे एक पापांगीकाराचे वचन होते. प्रेषित पौल करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या पाचव्या अध्यायात समेटाच्या सेवेविषयी जे लिहितो, ते येथे विटा-काँक्रीटच्या रूपात दिसते: सेवा करणारा कोण, ज्याची सेवा करावयाची तो कोण, आणि त्या दोघांमध्ये पूर्वी काय घडले, ही तिन्ही उत्तरे सर्वांना ठाऊक होती. सेवेला पत्ता होता.

पुढे तरुणांचे लोंढे येऊ लागले. मंदिर अपुरे पडले, तेव्हा १९७१ च्या ईस्टरसमयी त्याची दर्शनी भिंतच पाडण्यात आली व पुढे तंबू जोडण्यात आला. ज्या समुदायाला वास्तूपेक्षा माणूस मोठा वाटतो, तोच असे करू शकतो. (आपल्याकडे वेदीपुढील कठडा चार बोटे सरकवावयाचा म्हटला तरी तीन सभा भरतात, हे जाता जाता.) १९७४ च्या तरुण परिषदेस सुमारे चाळीस हजार तरुण जमले. १९७६ मध्ये बंधू रॉजर काही बंधू व तरुणांसह कलकत्त्याच्या दरिद्री वस्तीत येऊन राहिले. २००५ च्या ऑगस्टमध्ये सायंप्रार्थनेच्या वेळी एका मनोरुग्ण स्त्रीच्या हातून त्यांचा अंत झाला. त्यांच्यामागून बंधू आलोइस यांनी आणि २०२३ च्या अखेरीपासून बंधू मॅथ्यू यांनी प्रायरपद सांभाळले आहे.

आज तेझेचा आठवडा रविवारपासून रविवारपर्यंत चालतो. दिवसातून तीन वेळा घंटा वाजते आणि सर्वजण प्रार्थनेस येतात. लहान, पुनःपुन्हा म्हणावयाची गीते, मग दीर्घ शांतता. सकाळी एखादा बंधू शास्त्रभाग समजावून देतो, मग लहान गटांत चर्चा. आणि प्रत्येकाला काम. स्वयंपाकाची मोठी भांडी घासणे, अन्न वाढणे, आलेल्यांची व्यवस्था लावणे, रात्री शांतता राखणे, शौचालये धुणे, ही सर्व कामे तरुणच करतात. जे अधिक काळ थांबतात, ते बंधूंच्या किंवा संत आंद्रेच्या भगिनींच्या मार्गदर्शनाखाली राहतात व येणाऱ्यांच्या गटांचे काम लावून देतात. बंधू स्वतःच्या श्रमावर, कुंभारकाम व पुस्तकांवर जगतात. देणग्या घेत नाहीत, वारसाहक्काने येणारे धनही स्वतःसाठी ठेवीत नाहीत. हे सर्व स्तुत्य आहे.

स्तुतीबरोबर एक कटू गोष्टही नोंदविली पाहिजे, कारण मुलांना परदेशी शिबिरास पाठविणारे आईबाप आपल्यालाच विचारणार आहेत. समुदायातील काही बंधूंकडून पूर्वीच्या दशकांत अल्पवयीनांवर लैंगिक अत्याचार झाल्याचे बंधू आलोइस यांनी २०१९ मध्ये स्वतः जाहीर केले व ती माहिती सरकारी वकिलाकडे सोपविली. पावित्र्याच्या कीर्तीने देखरेखीची गरज संपत नाही. शिफारसपत्र देणाऱ्या पाळकाने बाल-संरक्षणाचे नियम मागवून वाचावेत. त्यात अविश्वास नाही.

आता मूळ मुद्दा. तेझे येथे पाळीने काम करणाऱ्या तरुणाचे काम १९६२ पूर्वीच्या त्या जर्मन तरुणाच्या कामाहून वेगळ्या जातीचे झाले आहे, असे आमचे मत आहे. हा शब्द आम्ही मुद्दाम वापरीत आहोत. पहिले काम ऋण फेडण्यासाठी होते. दुसरे आहे पाहुण्याने यजमानाच्या घरी लावलेला हातभार. त्यात सौजन्य आहे, मैत्री आहे, खेळही आहे. शनिवारी रात्री तो झाडू ठेवून देतो आणि रविवारी गाडीत बसतो. ज्याला झाडू ठेवून देता येतो, त्याच्या झाडण्यात आणि ज्याला तो ठेवून देता येत नाही त्याच्या झाडण्यात जे अंतर आहे, ते आनंदाच्या साक्षीने भरून निघत नाही. योहानाच्या तेराव्या अध्यायात प्रभू पाय धुतो त्या प्रसंगी पेत्र घाबरून नकार देतो. का? कारण पाय धुणारा कोण असतो, हे त्या घरात सर्वांना ठाऊक होते. त्या कृतीला घरातील क्रमव्यवस्था उलटी करण्याचे सामर्थ्य होते. ज्या घरात तो क्रमच नाही, तेथे पाय धुणे हे केवळ पाय धुणे राहते. युरोपातील विद्यार्थ्याने शौचालय धुतल्याने युरोपातील कोणता क्रम उलटतो? फार थोडा. म्हणून तो हसू शकतो, आणि त्याने हसावेच.

आपल्या घरात मात्र तो क्रम आहे. येथे झाडूला जन्म आहे. ज्या मराठी मंडळ्यांत आपण सेवा करतो, त्यांतील कित्येक घराण्यांचे पूर्वज महार, मांग अशा पूर्वास्पृश्य समाजांतून ख्रिस्ताकडे आले. काही घराणी ब्राह्मण वा मराठा समाजांतून आली. एकाच बाकावर दोघांची नातवंडे बसतात. व्यासपीठावरून 'नम्र व्हा, संडास धुवा' असे आवाहन झाले, तर ते या दोघांच्या कानी एकच शब्द म्हणून पडत नाही. पहिल्याच्या आजीला हेच वाक्य हुकूम म्हणून ऐकावे लागले होते. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील ख्रिस्ताच्या आत्मरिक्ततेवर आपण फार प्रवचने करतो; पण तेथे जो स्वतःला रिक्त करतो, तो देवाच्या स्वरूपाचा आहे. ज्याच्या हाती कधी काही येऊच दिले गेले नाही, त्याने काय रिक्त करावे? 'कोणाची नम्रता?' हा प्रश्न न विचारणारे नम्रतेचे ईश्वरविज्ञान बलवानांना सोयीचे असते.

हा प्रश्न आपल्या देशात पूर्वी विचारला गेला नाही असे नाही. स्टॅन्ली जोन्स यांनी १९३० मध्ये कुमाऊंतील साततालला आश्रम काढला. तेथे झाडूवाल्याला आठवड्यातून सुटी देऊन त्या दिवशीचे त्याचे काम आश्रमवासीयांनी स्वखुषीने करावे, असा परिपाठ होता. एका ब्राह्मण ख्रिस्ती बंधूला, तुम्ही कधी पुढे येणार, असे जोन्स यांनी विचारले. तेव्हा, आपले परिवर्तन झाले आहे खरे, पण ते अद्याप तेथवर पोहोचलेले नाही, अशा आशयाचे त्याने दिलेले उत्तर जोन्स यांनी नमूद केले आहे. हे प्रामाणिक उत्तर आम्हाला छायाचित्रातील हास्यापेक्षा अधिक मोलाचे वाटते. त्या माणसाला कळले होते की आपल्यापुढे बादली नाही, बाप्तिस्मा आहे.

दुसरे उदाहरण ख्रिस्ती नाही, पण आपल्या कोकणातले आहे. आप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम (तेव्हाचा शब्द) मागितले. सवर्णाला ते देता येत नाही म्हणून नाकारले गेले, तेव्हा त्यांनी उपोषण आरंभिले आणि येरवड्यात गांधीजींनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी अन्न सोडले. पण आप्पासाहेब तेथे थांबले नाहीत. पुढे कणकवलीच्या गोपुरीत त्यांनी संडासाची रचनाच बदलण्याचा ध्यास घेतला, म्हणजे दुसऱ्याची विष्ठा कोणाला डोक्यावरून वाहावी लागू नये. तेझेच्या साक्षींमध्ये आम्हाला जे सापडत नाही ते हेच. धुण्याचा आनंद आहे, पण ज्याला हे काम रोज करावे लागते त्याचे काम हलके व्हावे, त्याचे वेतन वाढावे, त्याला हातमोजे मिळावेत, ही चिंता नाही. तेझेला ती असण्याचे कारण नाही, कारण तेथे असा कोणी नाही. आपल्याकडे आहे. मैला वाहण्याच्या कामाविरुद्ध १९९३ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये कायदे झाले. तरी गटारांत माणसे उतरतात व मरतात.

तेव्हा आपल्या मे महिन्याच्या शिबिरांकडे पाहावे. मुले गाणी म्हणतात, शास्त्रपाठ होतो, जेवण आचारी करतो, पत्रावळी कोणी तरी उचलते. या 'कोणी तरी'चे नाव शिबिराच्या अहवालात नसते. आचाऱ्याचा खर्च असतो, मंडपाचा असतो, पाहुण्या वक्त्याच्या प्रवासाचा तर असतोच. तेझेहून परतलेला तरुण या ठिकाणी उपयोगी पडू शकेल, पण गीते शिकविण्याआधी त्याने तो अहवाल वाचला पाहिजे.

प्रारंभी ज्याचा उल्लेख केला त्या तरुणाशी आम्ही हे सर्व बोललो. तो रागावला, मग आठ दिवसांनी मंडळीच्या पंचकमिटीस त्याने अर्ज लिहिला. शिबिराचे चार दिवस झाडूकामाच्या बाईंना सुटी द्यावी, शौचालयांसह सर्व साफसफाई पाळीने व्हावी, आणि पाळीच्या यादीत पंचांची व पाळकांची नावे प्रथम असावीत, असे त्यात म्हटले आहे. कार्यवाहांनी अर्ज पुढील सभेसाठी ठेवला. बाईंना कोणी विचारले नव्हते, म्हणून आम्ही विचारले. सुटीला त्यांची हरकत नव्हती. चार दिवसांचा पगार कापणार काय, एवढेच त्यांनी विचारले. अर्जात त्याविषयी काही नव्हते. तरुणाने तो परत मागून घेऊन एक ओळ वाढविली आहे.