उंबरठ्याची ओळ

आमच्या घरात विठोबाचा फोटो नाही. बुद्ध आहेत, बाबासाहेब आहेत, सावित्रीबाई आहेत. 1956 नंतर पणजोबांनी देव्हाऱ्यातले देव नदीत सोडले, ही गोष्ट आमच्याकडे अभिमानानं सांगितली जाते, आणि मीही ती तशीच सांगत आलोय. फक्त आजी भाकऱ्या थापताना काहीतरी गुणगुणायची आणि पपा घरात शिरले की थांबायची. तिचं माहेर मंगळवेढ्याजवळचं. मला वाटायचं, जात्यावरचं काहीतरी असेल.

ती गेल्यानंतर वर्षभरानं हिंजवडीतल्या ऑफिसात आषाढीचा कार्यक्रम होता. फेटे, भाड्यानं आणलेले टाळ, सेल्फीसाठी विठ्ठलाचा कटआउट. स्पीकरवर अभिषेकीबुवांचं ‘अबीर गुलाल’ लागलं आणि मधेच आजीची ओळ आली. चाल वेगळी, शब्द तेच. जातीहीन माणसानं उंबरठ्याला शिवायचं तरी कसं, असं विचारणारी ती ओळ. तिच्या आधीचा रंग, नंतरचं नाचणं आजी कधी म्हणायची नाही. तेवढाच तुकडा तिच्याकडे होता. आजूबाजूला सगळे ताल धरून टाळ्या वाजवत होते. एक जण म्हणाला, काय पॉझिटिव्ह एनर्जी आहे यार.

तेव्हापासून मी चोखोबांची गाथा वाचतोय. माझं शिक्षण इंजिनिअरिंगचं, त्यामुळे जुन्या मराठीशी झटापट झाली, पण हे अभंग अवघड नाहीत. अवघड आहे ती भूमिका. ज्या देवाच्या दारातून हाकललं जातंय, त्याचीच स्तुती हा माणूस का करतो? पपांचं उत्तर तयार आहे: गुलामाला मालकाचं कौतुकच शिकवलेलं असतं. दलित चळवळीत चोखोबांबद्दलचा हा राग जुना आहे आणि तो मला खोटा वाटत नाही. मात्र बाबासाहेबांनी 1948 साली ‘द अनटचेबल्स’ अर्पण केलं ते नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीला, हेही पपांना माहीत आहे. त्यावर ते काही बोलत नाहीत.

बडव्यांनी मारल्याचा चोखोबांचा एक अभंग आहे. तो वरवर धावा आहे: विठू, लवकर ये. पण नीट वाचला तर तो जवळपास फिर्यादीसारखा लिहिलेला आहे. मारणारे कोण, ते सांगितलंय. आरोप काय, तर विठोबाच्या गळ्यातला हार तुझ्या गळ्यात कसा आला. शिव्या कोणत्या दिल्या, देव बाटला असं कोण म्हणालं, सगळं क्रमानं येतं. आणि शेवटी, हात जोडून, मी उलट बोललो त्याचा राग धरू नको. मला थांबवतं ते हे शेवटचं वाक्य. म्हणजे आपण उलट बोललोय, हे त्यांना पक्कं माहीत होतं. नम्रता आहेच, पण त्या नम्रतेच्या आत मारहाणीचा तपशील जसाच्या तसा ठेवलेला आहे.

देव आला का? परंपरा म्हणते, अनेकदा आला. इतिहासात दिसतं ते असं: 1338 साली मंगळवेढ्याला गावकुसाच्या भिंतीच्या कामावर भिंत कोसळली आणि चोखोबा मजुरांसोबत गाडले गेले. नामदेवांनी जाऊन विठ्ठलनाम ऐकू येणारी हाडं वेचून आणली, ही कथा. समाधी महाद्वारात, नामदेव पायरीसमोर. म्हणजे बाहेरच. त्यांच्या माणसांना आत जायला 1947 उजाडलं. त्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात दहा दिवस उपाशी बसले, तेव्हा. एका प्रार्थनेसाठी सहाशे वर्षं हा फार मोठा वेळ आहे, आणि ‘देव उशिरा का होईना ऐकतो’ असं कुणी म्हणू लागलं की मला संताप येतो. ऐकलं ते माणसांनी, तेही उपोषणाला बसावं लागल्यावर.

पण त्या सहाशे वर्षांत फिर्याद हरवली नाही. का? ती स्तुतीत होती म्हणून, असं मला वाटतं. नुसती तक्रार असती तर ती कुणी पाठ केली असती? कुणी फडावर गायली असती? अभंग झाल्यामुळे ज्यांच्या वाडवडलांनी दार लावून घेतलं, त्यांनाही टाळ हातात घेऊन ‘आम्ही शिवायचं कसं’ असं ‘आम्ही’मध्ये म्हणावं लागलं. अर्थ न कळता म्हटलं, हेही खरंच. ऑफिसात तेच झालं.

चोखोबांना मी पूर्ण सोडवू शकत नाही. आपला जन्म मागच्या जन्मीच्या कृष्णनिंदेचं फळ आहे, असं सांगणारा अभंगही त्यांच्याच नावावर आहे. तो वाचताना मी पान उलटतो. त्यात फिर्यादी स्वतःच गुन्हा कबूल करून टाकतो. त्यांच्याच घरात हे सगळ्यांना पटलं नव्हतं. सोयराबाई सरळ विचारतात की विटाळ देहातच जन्मतो, तर सोवळा देह कुठला? आणि मुलगा कर्ममेळा. नावातच कर्म, आणि कर्माचा हिशोब न मानणारा तोच. तो देवाला म्हणतो की आमचा जन्म उष्टं खाण्यात गेला, तुला लाज कशी वाटत नाही. आमच्या घरी दहीभात खाल्लास आणि आता नाही कसं म्हणतोस. इथे हात जोडलेले नाहीत. राग धरू नको, असंही नाही.

बापाचं गाणं मैफलीत गेलं, आईचं ‘अवघा रंग’ किशोरीताईंनी अजरामर केलं. मुलगा गाथेत राहिला. मला यात स्तुतीची किंमत दिसते. ती दिली तर आवाज पोचतो, पण धार बोथट होऊन पोचतो. नाही दिली तर धार राहते, पुस्तकात. बापलेकांत कोण बरोबर, हे मी दोन वर्षं ठरवतोय. आजीनं मात्र बापाच्या गाण्यातून नेमकी लेकाला शोभेल अशी ओळ उचलली होती. बाकीचं गाणं तिनं सोडून दिलं, की तिला तेवढंच आठवत होतं, हे विचारायचं राहून गेलं.

गेल्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा हे सगळं पपांना सांगितलं. आजी काय गुणगुणायची ते त्यांना माहीत होतं. “मला कळायचं,” म्हणाले, “म्हणून तर मी पायरीवर चपला वाजवून यायचो. तिला थांबायला वेळ मिळावा म्हणून.” मग मी त्यांना कर्ममेळ्याचा तो दहीभाताचा अभंग वाचून दाखवला. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा वाच म्हणाले. पुन्हा वाचला.

“याला चाल आहे का रे?”

मी फोनवर बराच वेळ शोधलं. मिळाली नाही.

“राहू दे,” म्हणाले. “नुसतं वाच. जरा मोठ्यानं.”